‘वॅट किती ठेवू?’

ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे. तरी कॉलेजच्या पार्किंगमध्ये कॉइल, ओहम आणि वॅटच्या गप्पा चालतातच. या आकड्यांमागचं विज्ञान काय, कायदा नक्की कोणाला पकडतो, आणि विड्या वळणाऱ्या सोलापुरातल्या पोरांनी याकडे कसं बघायचं?

हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. लेक्चर संपलंय. पार्किंगमध्ये चार-पाच जण गाड्यांवर टेकून उभे. एकाच्या हातात हायलाइटर पेनाएवढी वस्तू. आंब्याचा गोड वास येतो, पांढरा ढग निघतो आणि दोन सेकंदांत गायब होतो. “दाखव की बे,” म्हणत ती वस्तू हातोहात फिरते. त्यातल्या एकाकडे जरा महागातलं मशीन असतं. त्याला छोटा स्क्रीन, प्लस-मायनसची बटणं. नवीन आलेला विचारतो, “वॅट किती ठेवू?” जुना जाणकार लगेच ऐटीत सांगतो, “कॉइल कोणती आहे बघ आधी. पॉइंट पाचची असेल तर तीसवर ठेव. ढग मस्त येतो.”

ऐकायला हा सल्ला अगदी शास्त्रीय वाटतो. ओहम आहे, वॅट आहे, म्हणजे काहीतरी मोजून-मापून चाललंय असं वाटतं. बिडीला कुठे असतो स्क्रीन? म्हणूनच हा आकडा आज आपण नीट समजून घेऊ. त्यासाठी लागणारं फिजिक्स तुम्ही बोर्डाच्या परीक्षेत एकदा लिहून आलेला आहात.

दहावीचं सूत्र काढा

व्हेपमध्ये मुख्य भाग तीन. बॅटरी, कापसाभोवती गुंडाळलेली बारीक तार आणि त्या कापसात मुरलेलं द्रव. तार म्हणजेच कॉइल. ती बहुतेक वेळा लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या किंवा निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची असते. तुमच्या घरच्या इस्त्रीत आणि गिझरमध्ये गरम होणारी तार याच जातीची. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, सोबत फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन. बटण दाबलं की तार तापते, द्रवाची वाफ होते, ती थंड होऊन बारीक थेंबांचा ढग बनतो. तो आपण फुप्फुसात ओढतो. ‘नुसती पाण्याची वाफ’ असं जे सांगतात, ते खरं नाही. त्या ढगात पाण्यापेक्षा ग्लिसरीन आणि ग्लायकॉलच जास्त.

आता सूत्र. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. लिथियम बॅटरी पूर्ण चार्ज असते तेव्हा ४.२ व्होल्ट देते. कॉइल १.२ ओहमची असेल तर शक्ती होते साधारण १४.७ वॅट आणि प्रवाह ३.५ अँपिअर. तीच बॅटरी ०.५ ओहमच्या कॉइलला थेट जोडली तर ३५ वॅट आणि ८.४ अँपिअर. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला असाल तर तुमच्या वर्कशॉपमधलं साधं सोल्डरिंग आयर्न आठवा. ते बहुधा २५ वॅटचं असतं आणि त्यावर शिसं वितळतं. इथे त्याहून जास्त शक्ती तुमच्या ओठांपासून दोन-तीन इंचांवर, नखाएवढ्या तारेत जाते.

हौशी लोक याहून पुढे जातात. स्वतः तार गुंडाळून ०.१५ ओहमची कॉइल करतात. गणित करून बघा, २८ अँपिअर होतात. कितीतरी लिथियम सेल एवढा प्रवाह सलग देण्यासाठी बनवलेलेच नसतात. सेल तापतो, आतला पडदा खराब होतो आणि मग तो पेटू शकतो. स्वस्त सेलच्या वेष्टनावर कितीही मोठा अँपिअरचा आकडा छापलेला असो, तो कोणी तपासलेला नसतो.

भज्यांची कढई आणि ‘बरोबर’ सेटिंग

मग ‘बरोबर’ वॅट म्हणजे काय? पातेल्यात पाणी आहे तोवर गॅस मोठा केला तरी पातेलं करपत नाही, कारण उष्णता पाणी उकळण्यात खर्च होते. पाणी संपलं की दोन मिनिटांत पातेलं काळं. कॉइलचं तसंच. कापसातून जेवढं द्रव तारेपर्यंत पोचतं, तेवढं उडवायला पुरेल इतकीच शक्ती दिली तर तापमान आटोक्यात राहतं. शक्ती वाढवली, किंवा घाईघाईने एकावर एक झुरके मारले, की कापूस कोरडा पडतो आणि तारेचं तापमान उसळी मारतं. घशाला आग लागल्यासारखा जो करपट झुरका येतो, त्याला व्हेपवाले ‘ड्राय हिट’ म्हणतात.

त्या वेळी काय होतं ते बघा. प्रोपिलीन ग्लायकॉल उकळतं १८८ अंश सेल्सिअसला, ग्लिसरीन २९० ला. पण जास्त तापलं की ही द्रवं नुसती उडत नाहीत, त्यांचे रेणू मोडतात. त्यातून फॉर्मल्डिहाइड, ॲसिटल्डिहाइड आणि ॲक्रोलिन तयार होतं. फॉर्मल्डिहाइड म्हणजे बायोलॉजीच्या लॅबमध्ये बेडूक ज्या फॉर्मालिनमध्ये ठेवलेले असतात, त्यातलं मुख्य रसायन. आणि ॲक्रोलिन? भज्यांची कढई जास्त तापली की जो धूर डोळ्यांत झोंबतो आणि ठसका लागतो, त्यात हेच असतं.

यावर २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या शास्त्रज्ञांचं एक पत्र आलं. एकाच उपकरणात एकच द्रव घेऊन त्यांनी फक्त व्होल्टेज बदललं. ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत. ५ व्होल्टला भरपूर सापडली. टीकाकारांनी लगेच म्हटलं की एवढ्या व्होल्टेजवर करपट चव येते, माणूस ओढूच शकणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण त्यातून आपल्या कामाची गोष्ट निघते ती अशी, की तुम्ही दाबता ते प्लस बटण फक्त ढग मोठा करत नाही, ढगात काय असेल तेही बदलतं.

मग कमी वॅट ठेवला की झालं? तसंही नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ व्हेपर्सची स्वतःची, रोजच्या वापरातली उपकरणं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू फार कमी होते. तेच द्रव कॉइलच्या संपर्कात आल्यावर आणि वाफ झाल्यावर मात्र त्यात शिसं, निकेल, क्रोमियम यांचं प्रमाण बरंच वाढलेलं दिसलं. म्हणजे तार स्वतःच थोडी थोडी झिजून आत जात होती. वॅट कमी ठेवल्याने हा प्रश्न सुटत नाही.

आणि निकोटिन. पूर्वीच्या व्हेपमध्ये निकोटिन वाढवलं की घसा खवखवायचा, माणूस आपोआप थांबायचा. मग ‘निकोटिन सॉल्ट’ आलं. त्यात बेंझॉइक आम्लासारखं आम्ल मिसळतात, त्यामुळे तिखटपणा जातो आणि जास्त निकोटिन गुपचूप आत जातं. पाकिटावर ‘५ टक्के’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एका मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम. ब्रिटनमध्ये कायद्याने कमाल मर्यादा आहे २० मिलिग्रॅम. त्यात कोणी ‘सॉल्ट’चं द्रव मोठ्या वॅटच्या मशीनमध्ये ओतलं, तर एका झुरक्यात वाफ जास्त आणि निकोटिनही जास्त. मग चक्कर, मळमळ, छातीत धडधड. ‘पहिल्यांदा घेतलं म्हणून असं झालं’ असं मित्र समजावतात. प्रत्यक्षात तो निकोटिनचा जास्तीचा डोस असतो.

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. ज्या देशांत व्हेप कायदेशीर आहे, तिथे कॉइलवर वॅटची मर्यादा छापलेली असते. तिच्यामागे चाचणी करणारी कंपनी आणि जाब विचारणारी यंत्रणा असते. ब्रिटनमध्ये उत्पादनाची नोंद सरकारी औषध नियामकाकडे करावी लागते, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. इथे तुमच्या हातात येते ती वस्तू चोरून आलेली. तिच्यावरचा ओहम खरा की खोटा, द्रवात ५ टक्के आहे की आणखी काही, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले वा दगावले, त्यांत मृत्यू ६८. मुख्य संशय गेला तो गांजाच्या अर्काच्या, बहुतेक चोरट्या बाजारातल्या कार्ट्रिजमध्ये घट्टपणासाठी घातलेल्या ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’वर. त्या रुग्णांना कोणतंही वॅट सेटिंग वाचवू शकलं नसतं, कारण दोष द्रवात होता.

कायदा कोणाला पकडतो?

केंद्राने १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढला. तेव्हाच्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत तो जाहीर केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता त्यातल्या तीन गोष्टी, ज्या पार्किंगमधल्या चर्चेत कोणी सांगत नाही.

पहिली, ‘माझ्यात निकोटिनच नाही, नुसता फ्लेवर आहे’ ही पळवाट नाही. कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेलं आणि नसलेलं, दोन्ही येतं. ई-हुक्काही येतो.

दुसरी, बंदी अख्ख्या उपकरणावर आहे तशीच त्याच्या सुट्या भागांवरही आहे. म्हणजे ‘मी फक्त कॉइल मागवल्या’ हेही चालत नाही. या देशात कायदेशीर कॉइल नावाची वस्तूच नाही, मग कायदेशीर सेटिंग कुठून येणार?

तिसरी सर्वांत महत्त्वाची. ओढण्याला या कायद्याने शिक्षा ठेवलेली नाही. पण वाहतूक आणि वाटप यांना ठेवली आहे, आणि वाटपात फुकट दिलेला नमुनाही धरला जातो. पुण्याहून एसटीने येताना मित्रांसाठी पाच पीस आणणारा, ग्रुपवर फोटो टाकून ‘दोन उरलेत, कोणाला पाहिजे?’ विचारणारा स्वतःला विक्रेता समजत नसतो. शंभर-दोनशे रुपये सुटतात, किंवा तेही सुटत नाहीत, नुसती मैत्री असते. कायद्याच्या नजरेत मात्र तो साखळीतला एक दुवा आहे. आणि मोठा व्यापारी कधी समोर येत नाही, सापडतो तो हा बॅगवाला. कॉलेजमधल्या पोराच्या नावावर असा गुन्हा म्हणजे पुढे पोलीस पडताळणी, पासपोर्ट, सरकारी नोकरी, सगळीकडे खुलासे.

‘मग विडी कशी चालते?’

हा प्रश्न सोलापूरकराने विचारायलाच हवा. आपल्या शहरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, पानं कापायची, वळून, दोरा बांधून विड्या परत द्यायच्या. तुमच्यापैकी कितीतरी जणांची कॉलेजची फी आईच्या किंवा आजीच्या याच बोटांतून आली आहे. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी हजारो घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते रे नगरच्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं, त्यातही विडी कामगार आहेत. म्हणजे तंबाखू आपल्याकडे नुसतं व्यसन नाही, पोटही आहे.

मग सरकार म्हणतं विडी चालेल, सिगारेट चालेल, पण व्हेप नाही. हे ढोंग नाही का? बंदीचे टीकाकार हेच म्हणतात. सिगारेटवर सरकारला कर मिळतो, सरकारी विमा कंपनी एलआयसीचे आयटीसीमध्ये शेअर्स आहेत. वर, ब्रिटनची आरोग्य यंत्रणा सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांना व्हेपकडे वळायला सांगते, कारण धूर आणि डांबर नसल्याने धोका सिगारेटपेक्षा कमी. पन्नाशीतल्या, रोज दोन बंडलं ओढणाऱ्या माणसाने हा युक्तिवाद केला तर तो ऐकून घ्यावा लागेल.

पण सरकारची बाजूही आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, महाराष्ट्रात २६.६ टक्के. ई-सिगारेट वापरणारे होते फक्त ०.०२ टक्के. जे व्यसन आधीच कोट्यवधींत आहे ते एका फटक्यात बंद करता येत नाही, त्यावर लाखो पोटंही आहेत. जे अजून रुजलेलं नाही ते दारातच अडवता येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही मे २०१९ मध्ये पूर्ण बंदीची शिफारस केली होती. आणि ब्रिटनचा दाखला देताना पुढची ओळही वाचायला हवी. एकदा वापरून फेकायच्या रंगीत व्हेप पोरांच्या हातात गेल्या म्हणून १ जून २०२५ पासून तिथेही त्यांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या पार्किंगमध्ये फिरते ती बहुतेक हीच वस्तू.

स्वतःला एकच प्रश्न विचारा. आंबा-आइस फ्लेवरची ही वस्तू तुमच्यापैकी किती जणांनी सिगारेट सोडण्यासाठी घेतली? आणि किती जणांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलीच नव्हती? पहिली विडी ओढली की ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, काही जण तिथेच सोडून देतात. व्हेपने तो ठसका काढून टाकला. म्हणून ‘सोडण्याचं साधन’ हे उत्तर तुमच्या बाबतीत लागू पडत नाही.

बंदीचं पुढे काय?

तरीही बंदी घातली की काम संपलं असं मानणाऱ्यांनी आपल्या टपऱ्या बघाव्यात. महाराष्ट्रात गुटखाबंदी जुलै २०१२ मध्ये झाली. सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि विडी विकायलाही बंदी झाली. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही, हे तर २००३ च्या कायद्यापासून आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते मी सांगायला नको, तुम्ही रोज त्याच गल्लीतून जाता.

व्हेपच्या बंदीला आणखी एक बाजू आहे. विडी-सिगारेटच्या पाकिटावर निदान भीतिदायक चित्र असतं. व्हेपवर बंदी, म्हणून त्याच्याबद्दल बोलणंही बंद. कॉलेजमध्ये कोणी सापडला की घरी फोन, माफीपत्र, निलंबनाची धमकी. ज्याला सवय लागली आहे तो मग आणखी लपवतो आणि सल्ला मागायला पुन्हा त्या पार्किंगमधल्या जाणकाराकडेच जातो. तो सांगतो वॅट कमी कर, कॉइल बदल. कॉलेजांनी पुरवठादाराबद्दल कडक आणि सवय लागलेल्याबद्दल समजुतीने वागायला हवं. कायद्याने स्वतः तोच फरक केलेला आहे.

म्हणून तुम्हाला सोडायचं असेल तर मदत मागायला घाबरू नका. तुम्ही ओढता हे डॉक्टरांना सांगणं गुन्हा नाही. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर आहे १८००-११-२३५६. फुकट आहे आणि समुपदेशक बोलतात. निकोटिन शरीरातून लवकर उतरतं, साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणून तर सारखी तलफ येते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड. चिडचिड, झोप न लागणं, अभ्यासात लक्ष न लागणं हे सगळं होईल. दोन ते चार आठवड्यांत बरंच ओसरतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सुरुवात करू नका, सबमिशन संपल्यावर करा. फार त्रास होत असेल तर निकोटिनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून घेता येतं. त्यात डोस मोजलेला असतो.

आणि ओढत नसाल, पण मित्र ओढत असेल, तर त्याला लेक्चर देऊ नका. पुढच्या वेळी ती वस्तू फिरत तुमच्याकडे आली आणि कोणी विचारलं, “वॅट किती ठेवू?” तर वहीच्या मागच्या पानावर ते सूत्र मांडा. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. मग विचारा, “यातला ओहम खरा आहे हे तुला कोणी सांगितलं?”